काच कापणारे गेले, काच बसवणारे आले

पुढची काच तडकते, मागची सांडते. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा पुढच्या काचेवर बसला तर तडा जातो, चालक चार शिव्या हासडतो आणि गाडी तशीच घरापर्यंत नेतो. मागच्या काचेला तडा जाणं माहीतच नाही. डिक्कीत कोंबलेल्या पाइपाचं टोक बाहेर राहिलं आणि कुणी न बघता झाकण आपटलं, की एक मोठा आवाज होतो आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या तुकड्यांची रास सीटवर, डिक्कीत, गाडीखाली पसरते. फ्रेममध्ये उरते ती काळ्या चिकट पट्टीला धरून राहिलेली चार-दोन बोटांची कड.

त्यानंतर एमएच ३२ पासिंगच्या गाडीचा मालक जे करतो ते वर्धा जिल्हाभर सारखंच असतं. आधी दुकानातून जाड पॉलिथिन आणि चिकटपट्टी आणून तो भोक झाकतो. मग काचवाल्याला फोन लावतो. तिकडून काचेच्या मापाबद्दल एक शब्दही विचारला जात नाही. विचारलं जातं ते मॉडेल, वर्ष, काचेत तारा आहेत का आणि वायपरचं भोक आहे का. वर्ध्यात तशी काच मिळाली तर ठीक, नाहीतर नागपूरहून येईपर्यंत वाट बघायची.

काचवाला माप का विचारत नाही, हे समजून घ्यायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. एकेकाळी गाडीची फुटलेली मागची काच म्हणजे खिडकीच्या तावदानासारखंच काम होतं. माप घ्यायचं, हिऱ्याची कलम फिरवायची, तुकडा मोडून घ्यायचा, कडा घासायच्या आणि बसवून टाकायचा. आज ती काच जगातला कोणताही कारागीर कापू शकत नाही. कापायला गेला तर हातात दाणेच येतील.

वर्धा हे शहर मुळात रेल्वेचं आणि कापसाचं. नागपूरपासून वेगळा करून वर्धा जिल्हा १८६२ मध्ये झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आजचं शहर आखलं गेलं आणि वर्षभरात मुंबईहून येणारी रेल्वे पुढं नागपूरला पोचली. रस्त्यावर सत्ता होती ती बैलबंडीची. मोटार इथं आली ती आधी साहेबांची आणि मग सावकार-व्यापाऱ्यांची म्हणून.

त्या काळातल्या वर्ध्याच्या मोटारींत एकच इतिहासात गेली आणि तीही इंजिनामुळे नव्हे. जमनालाल बजाज यांच्याकडच्या एका फोर्ड गाडीला बैल जुंपले जात. गांधीजींच्या गोतावळ्यात तिचं नाव गमतीनं ‘ऑक्सफर्ड’ पडलं होतं. १९३६ मध्ये गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले तेव्हा वर्ध्यापासूनची ती आठेक किलोमीटरची वाट पावसाळ्यात मोटारीला झेपणारी नव्हती. बैलांना झेपायची. बड्या पाहुण्यांना या वाटेनं नेण्याआणण्याची अडचण जमनालालजींना कायमच होती. अमेरिकेत लाखांनी निघणारी फोर्ड वर्ध्यात बैलांच्या मागं चालते, हे दृश्य त्या काळातल्या परदेशी पाहुण्यांना नवलाचं वाटलं असेल. विदर्भातल्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. चिखलात रुतलेली मोटार बैल लावून ओढून काढणं हे त्याच्या रोजच्या व्यवहारातलंच.

त्या पिढीतल्या बहुतेक मोटारींना आजच्या अर्थानं मागची काच नव्हतीच. वरचा हूड कापडाचा असे. तो मागं दुमडला की आकाश मोकळं आणि वर ओढला की मागं कापडात शिवलेली एक लहानशी पारदर्शक चौकट. ती सेल्युलॉइडची असे, उन्हानं पिवळी पडायची आणि दुमडून दुमडून चिरायची. ती चिरली की काम शिंप्याचं किंवा गाद्या शिवणाऱ्याचं. हा प्रकार पुढं जीपच्या कॅनव्हास हूडमध्ये टिकला आणि ऑटोरिक्षातही. बजाज कुटुंबाच्या उद्योगाची पाळंमुळं वर्ध्यातली. त्याच घराण्यातल्या कंपनीला १९५९ मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना मिळाला आणि त्यांच्या रिक्षा देशभर धावू लागल्या. रिक्षाच्या हुडात मागं शिवलेला तो प्लास्टिकचा तुकडा म्हणजे १९२० च्या मोटारीची मागची खिडकीच. अनेक रिक्षांवर ती आजही तशीच आहे आणि आजही शिवूनच बदलली जाते.

पक्क्या छपराच्या बंद गाड्या स्वस्त झाल्या त्या १९२० च्या दशकात. १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सनं सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करण्याचा कारखाना काढला आणि थोड्याच काळात फोर्डही मुंबईत आली. या बंद गाड्यांना मागं खरीखुरी काच होती, लहान आणि सपाट. सपाट काच म्हणजे घराच्या खिडकीची काच. ती फुटली तर धारदार सुऱ्यांसारखे लांब तुकडे व्हायचे आणि त्या काळात अपघातात माणसं काचेनं चिरली जायची. पण दुरुस्ती सोपी होती. तसबिरी मढवणारा, आरसे विकणारा, खिडक्यांची तावदानं बसवणारा कोणताही माणूस ती करू शके.

ही काच यायची मात्र बाहेरून. वर्ध्यातलं खेड्यांचं अर्थशास्त्र आणि महाराष्ट्रातला काचेचा धंदा यांची गाठ इथं पडते. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी त्याची धुरा घेतली. खेड्यात वापरायची वस्तू खेड्यात बनली पाहिजे, निदान खेड्यात दुरुस्त तरी झाली पाहिजे, या दृष्टीनं तिथं घाणी, हातकागद, चूल, मधमाशा अशा शंभर गोष्टींवर प्रयोग झाले. परदेशी रॉकेलला पर्याय म्हणून वनस्पतींच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदील तिथंच घडला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते खुलं झालेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. मोटारीच्या काचेचा विचार करणाऱ्यानं तिथं एक चक्कर मारावी. वस्तू कुठं बनते आणि कुठं दुरुस्त होते, हा प्रश्न किती गंभीरपणे विचारला जाऊ शकतो ते तिथं कळतं.

काचेचं स्वदेशीपण मगनवाडीच्या आधी पश्चिम महाराष्ट्रात सुरू झालं होतं. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडानं, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यावर १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना काढला. जपान आणि अमेरिकेत काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं पहिले तज्ज्ञ होते. हा कारखाना जेवढा कारखाना तेवढीच शाळा होता. इथं शिकलेले कारागीर देशभर पसरले. वार्ष्णेय स्वतः पुढं उत्तरेत गेले आणि बहजोईच्या कारखान्यात खिडक्यांची सपाट काच बनवण्याच्या मागं लागले. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्यातून ओगलेवाडी हे गाव आणि घराघरांतला ‘प्रभाकर’ कंदील आला. वऱ्हाडातल्या, वर्ध्यातल्या कितीतरी ओसऱ्यांवर त्या कंदिलाचा उजेड पडला असेल.

पण बाटली, चिमणी, दिव्याची काच फुंकून बनते. मोटारीची काच हा पूर्ण वेगळा मामला.

तो मामला युरोपात दोन वाटांनी पुढं गेला आणि आजच्या गाडीत पुढं एक वाट, मागं दुसरी, अशा दोन्ही दिसतात. पहिली वाट चिकटवण्याची. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच चित्रकार-रसायनतज्ज्ञाच्या हातून एक चंबू पडला, फुटला, पण तुकडे सुटले नाहीत. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्यानं ते धरून ठेवले होते. दोन काचांच्या मध्ये असा पापुद्रा घालून त्यानं १९०९ मध्ये पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात गॅस मास्कच्या डोळ्यांना ही काच लागली आणि नंतर मोटारींना. फोर्डनं मॉडेल ए गाडीत ती १९२७ पासून पुढं बसवली. सुरुवातीचा पापुद्रा उन्हानं पिवळा पडायचा. १९३० च्या दशकात त्याच्या जागी पीव्हीबी हे प्लास्टिक आलं आणि तेच आजही पुढच्या काचेत असतं.

दुसरी वाट भाजण्याची आणि झटक्यात थंड करण्याची. १८७४ मध्ये फ्रान्सच्या रोयेर द ला बास्ती यानं तापलेली काच तेल-चरबीच्या हौदात बुडवून कडक करण्याचं पेटंट घेतलं. १९३० च्या आसपास हे काम हवेच्या झोतानं होऊ लागलं आणि धंद्यात उतरलं. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि भट्टीतून बाहेर काढताच दोन्ही बाजूंनी गार हवेचे फवारे मारायचे. बाहेरचा थर आधी आखडतो. आतला सावकाश थंड होताना बाहेरच्याला आवळतो. काच जन्मभर या ताणात राहते आणि त्या ताणामुळेच साध्या काचेच्या चार-पाच पट मार सोसते. पण तो ताण एका जागी सुटला की सगळीकडे सुटतो. म्हणून तुकडे सुऱ्यांसारखे न होता दाण्यांसारखे होतात, आणि म्हणूनच ती बनल्यावर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडही घासता येत नाही. आकार, बाक, भोकं, सगळं भट्टीत जाण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

काचवाल्याचा धंदा बदलला तो इथं. बदलायला भारतात मात्र वेळ लागला.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्ध्याच्या रस्त्यावर अँबॅसडर, फिएट, जीप, टाटाचे ट्रक आणि एसटी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर एसटी इकडंही आली आणि तिच्या मोडतोडीचं मोठं काम पुढं नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत होऊ लागलं. जीपची पुढची काच सपाट. ट्रकच्या केबिनची मागची खिडकी सपाट. बसच्या सरकत्या खिडक्या सपाट. म्हणजे हातानं काच कापणाऱ्याला पोटापुरतं काम भरपूर. जोडकाच, म्हणजे मध्ये पापुद्रा घातलेली काच, कापणं तर बघण्यासारखं असे. दोन्ही अंगांनी कलम फिरवायची, दोन्हीकडून चीर उघडायची, मग चिरेत स्पिरिट ओतून पेटवायचं आणि मधला पापुद्रा मऊ झाला की पात्यानं तो कापून घ्यायचा. एक फुंकर चुकली तर काच वाया. हे काम येणारे कारागीर आजही आहेत, ट्रॅक्टर आणि जुन्या जीपांच्या जिवावर. पण दर वर्षी थोडे कमी.

अँबॅसडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. वर्ध्याला ऑक्सफर्ड दुसऱ्यांदा मिळाली ती अशी, आणि या खेपेला बैलांशिवाय. कलेक्टर कचेरीसमोर, विश्रामगृहासमोर, डॉक्टरांच्या आणि कापूस व्यापाऱ्यांच्या दारात ती कित्येक वर्षं उभी असायची. २०१४ पर्यंत ती बनत होती. तिची मागची काच बाकदार आणि कडक केलेली, म्हणजे कापता न येणारी. पण ती बसवायची पद्धत अशी की गावातला मिस्त्री ती डोळे झाकून करी.

काचेभोवती जाड रबरी बीडिंग चढवायचं. बीडिंगला दोन खाचा, आतल्या खाचेत काच, बाहेरच्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड बसायची. बाहेरच्या खाचेत नायलॉनची बारीक दोरी पूर्ण फेरा घालून बसवायची आणि तिची दोन टोकं खालच्या बाजूला एकावर एक ओलांडून मोकळी सोडायची. साबणाचं पाणी फासायचं. मग काच उचलून भोकाला लावायची. एक जण मागच्या सीटवर गुडघे टेकून बसायचा, दुसरा बाहेर. आतला दोरीचं टोक हळूहळू खेचत जाई, तसतसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटत जाई, आणि बाहेरचा त्याच ठिकाणी तळहातानं काचेवर थापा मारी. थाप जास्त बसली तर काच गेली, कमी बसली तर रबर दुमडलं. दोरी पूर्ण निघाली की काच बसली. तासाभराचं काम, चिकटवायला काही नाही, वाट बघायला काही नाही, आणि पुन्हा काढायची झाली तरी तीच काच शाबूत निघे.

या पद्धतीला वर्ध्याचं ऊन मात्र मानवत नसे. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीच्या पुढं जाणं नेहमीचं. चार-पाच उन्हाळ्यांत रबर कडक होऊन चिरतं. मग पहिल्या मृगाच्या सरीत मागच्या सीटमागच्या फळीवर पाणी साचतं आणि डिक्कीतली स्टेपनी गंजते. गळणाऱ्या बीडिंगला डांबरापासून खिडकीच्या लांबीपर्यंत काय काय फासलं गेलं, त्याची यादी करायला बसलं तर विदर्भातल्या जुगाडाचा एक छोटा ग्रंथ होईल.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या मालकाच्या हातात पडल्या आणि गाडीचा मागचा भाग बदलत गेला. डिक्की संपली, पाचवं दार आलं, आणि काच त्या दाराचा भाग झाली. दार उघडताना-मिटताना हजारदा हादरे खाणारी, आणि पुढच्या गाड्यांत वर वायपर, दिवा आणि काच तापवणाऱ्या तारा बसवलेली काच. १९९८ च्या शेवटी पुण्यातून टाटांची इंडिका आली आणि वर्धा-हिंगणघाटच्या टॅक्सी स्टँडवरही पाचदारी गाडीचं राज्य झालं. त्याच सुमारास महाराष्ट्रात काचेचा नवा उद्योग उभा राहिला. तळोज्याला सपाट फ्लोट काच, पुण्याजवळ भोसरी आणि चाकणला गाड्यांच्या काचा. फ्लोट ही पद्धत म्हणजे वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरवणं. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं ती १९५९ मध्ये जाहीर केली होती. तळेगावच्या पैसा फंडापासून चाकण फार लांब नाही. पण एकीकडे फुंकनळी होती, दुसरीकडे भट्ट्यांच्या रांगा. मध्ये ऐंशी-नव्वद वर्षं.

कायदाही मागं लागला. मोटार वाहन नियमांतल्या १०० व्या नियमानं गाडीच्या काचा सुरक्षा काचेच्या असणं बंधनकारक केलं. १९९३ च्या दुरुस्तीनं तीन वर्षांची मुदत देऊन पुढची काच जोडकाचच हवी असं ठरवलं. मागच्या काचेला कडक काच चालते, पण पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड पलीकडे गेलाच पाहिजे. विदर्भातल्या गाडीवाल्यांना हा नियम पुस्तकात होता तोवर चालत होता. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि ४ मेपासून ती अमलात आली. तारीख दिल्लीत ठरली, मे मात्र इथल्यांच्या वाट्याला आला. नागपुरात, वर्ध्यात, चंद्रपुरात ऐन उन्हाळ्यात पोलिस चौकाचौकात फिल्म खरवडायला लावत होते. मागच्या काचेवरची फिल्म ओढताना तापवायच्या तारा उचकटल्याच्या तक्रारी तेव्हापासून काचवाल्यांना ऐकाव्या लागल्या. गंमत अशी की फिल्म लावलेली मागची काच फुटली तरी जागेवर लटकून राहायची. सांडायची नाही.

आता नव्या गाडीची, रबराऐवजी चिकटवून बसवलेली मागची काच बदलताना एकदा उभं राहून बघावं. पहिला तासभर काचेचं काम नसतंच. सीटच्या फटीतून, बेल्टच्या खोबणीतून, स्टेपनीच्या खड्ड्यातून, पाचव्या दाराच्या पोकळीतून दाणे काढायचे, व्हॅक्यूम लावून. दाराच्या पोकळीत राहिलेले दाणे दर आपटण्याला खुळखुळतात आणि गाडीवाला महिन्याभरानं भांडायला येतो. मग आतलं प्लास्टिकचं अस्तर उतरवायचं, वायपरची मोटार, दिवा, तारांची टोकं सोडवायची. जुन्या चिकटपदार्थाची, म्हणजे पीयूची (पॉलियुरेथेनची), पट्टी पात्यानं तासायची, पण मुळापासून नाही. एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवायचा, कारण नवा पीयू जुन्या पीयूवर पत्र्यापेक्षा चांगला धरतो. पत्रा खरवडला गेला असेल तर तिथं प्रायमर, नाहीतर पावसाळ्यात आतून गंज.

नव्या काचेच्या कडेनं जी काळी पट्टी असते तिला पुष्कळ लोक शोभा समजतात. ती काचेत भाजून घेतलेली चिनी मातीसारखी रंगपट्टी आहे आणि तिचं काम पीयूला उन्हापासून वाचवणं. तिच्यावर प्रायमर लावून, तोटी इंग्रजी व्ही आकारात कापून, पीयूची त्रिकोणी पन्हळ न तोडता पूर्ण फिरवायची. दोघांनी दोन रबरी वाट्यांनी काच उचलून एकदाच टेकवायची. सरकवायची नाही. वरून चिकटपट्टी. मग थांबायचं.

हे थांबणंच गाडीवाल्याला जड जातं. पीयू वाळत नाही, हवेतली ओल पिऊन घट्ट होतो. त्यामुळे उलटा हिशेब आहे. वर्ध्याच्या कोरड्या मेमध्ये त्याला जास्त वेळ लागतो आणि दमट ऑगस्टमध्ये कमी. गाडीवाल्याला वाटतं कडक ऊन आहे म्हणजे तासात पक्कं होईल. तो दार आपटून निघतो आणि काच केसभर सरकते. पाणी तिथूनच शिरतं.

विम्याचा हिशेबही जाता जाता सांगायला हवा. सर्वसमावेशक विम्यात रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी घसारा म्हणून कापली जाते, काचेच्या भागांवर घसारा नाही. पण दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. तो पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. त्यामुळे लहान गाडीच्या मागच्या काचेसाठी दावा करणं पुष्कळदा तोट्याचं ठरतं. गारपिटीत छप्पर, बॉनेट आणि काच तिन्ही गेली तर गोष्ट वेगळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं विदर्भ-मराठवाड्याची पिकं झोडपली, तशा गारांपुढं मागची काच टिकत नाही.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि वर्धा जिल्ह्यातून ताशी १२० किलोमीटरचा रस्ता गेला. जामच्या चौरस्त्यावरची ट्रकांची वर्दळ जुनी, हा वेग नवा. मागची काच फुटलेली पाचदारी गाडी या वेगानं पॉलिथिन लावून पळवणारे दिसतात, हा शुद्ध वेडेपणा आहे. पॉलिथिन फाटण्याचं राहू द्या. धावत्या गाडीच्या मागं हवा विरळ होते आणि स्वतःच्याच सायलेन्सरचा धूर मागच्या भोकातून आत ओढला जातो. काच नसताना नागपूर गाठायचंच असेल तर पुढच्या खिडक्या उघड्या ठेवून, हळू, जुन्या रस्त्यानं.

याच महामार्गावर मागच्या काचेचं दुसरं काम वर्ध्यानं सोसून पाहिलं. नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले. त्यांत वर्धा जिल्ह्यातलेही होते. दार असलेल्या बाजूवर बस पडली होती. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आले. कडक काच मधोमध बुक्क्या मारून फुटत नाही, कोपऱ्याजवळ टोकदार हातोडीचा एक घाव बसला तर एका क्षणात सांडते. काचेचा सांडण्याचा जो स्वभाव गाडीवाल्याला महागात पडतो, तो अशा वेळी दार होतो. बसमध्ये चढल्यावर लाल हातोडी जागेवर आहे का हे बघायला दहा सेकंद लागतात. नसेल तर चालकाला विचारावं, मोठ्यानं.

मगनवाडीच्या कसोटीवर मागची काच सपशेल नापास आहे. ती गावात बनत नाही, कापता येत नाही, जोडता येत नाही, आणि फुटलेले दाणे भंगारवालाही नाइलाजानंच घेतो. पण बसवणं गावातच होतं, आणि काच चाकणची असो की हरियाणाची, ती गळणार की टिकणार हे वर्ध्यातला किंवा पुलगावातला हातच ठरवतो. त्या हाताला मजुरी म्हणून दिले जाणारे पैसे काचेच्या किमतीपुढं नगण्य असतात आणि गाडीवाले त्यातही घासाघीस करतात. प्रायमर वगळून, स्वस्त सिलिकॉन लावून काम उरकण्याची सवय तिथूनच लागते. खिडकीचं सिलिकॉन गाडीच्या काचेचं वजन आणि हादरे सोसण्यासाठी बनलेलं नसतं.

तेव्हा काच बदलायची वेळ आली तर दोन गोष्टी स्वतः बघा. नव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात भाजलेला शिक्का असतो. त्यात आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक आहे ना, ते वाचा. शिक्का नसलेली काच कितीही स्वस्त पडली तरी परत पाठवा. आणि बसवणाऱ्याला विचारा, प्रायमर कोणता, पीयूच्या नळीवरची मुदत कधीची, गाडी किती तासांनी हलवायची. तो सांगेल तेवढे तास गाडी तिथंच ठेवा आणि घरी ऑटोनं जा.